जुन्या ऑडिओ यंत्रांची सॉफ्टवेअर प्रतिरूपं आणि ट्रेडमार्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं प्लगइन (ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे छोटे प्रोग्रॅम) बनवणाऱ्या लहान चमूंसाठी आणि एकट्याने काम करणाऱ्यांसाठी आहेत. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांतले काँप्रेसर (आवाजाचे चढउतार दाबणारे), इक्वलायझर (स्वरांचा समतोल बदलणारे), सिंथ (विद्युत सर्किटने आवाज घडवणारी वाद्यं) आणि ड्रम मशीन यांचा आवाज संगणकात उतरवणं हे गेल्या तीसेक वर्षांतलं अभिमान वाटावा असं काम आहे. नोटिशीच्या धाकाने ते अडू नये आणि दुसऱ्याच्या पुण्याईवर उभंही राहू नये, यासाठी हा खटाटोप. कायदा देशागणिक बदलतो. खालचे दाखले मुख्यतः अमेरिका आणि युरोपातले आहेत. विक्रीला उतरण्याआधी या विषयातल्या वकिलाला प्लगइनचं नाव आणि पडद्यावरचं रूप दोन्ही दाखवून घ्या.

जुन्या यंत्राचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा उतरवणं बेकायदेशीर आहे का?

नाही. काँप्रेसर किती झटक्यात सिग्नल दाबतो, ट्रान्सफॉर्मर खालच्या स्वरांत किती विकृती मिसळतो, फिल्टर टोकाला गेल्यावर कसा किंचाळतो, हे सगळं यंत्राचं वागणं. त्यावर हक्क मिळतो तो पेटंटने, आणि तोही मुदतीपुरता. रॉबर्ट मूग यांच्या लॅडर फिल्टरचं अमेरिकी पेटंट १९६९ मध्ये मंजूर झालं आणि त्या वेळच्या सतरा वर्षांच्या नियमाने १९८६ मध्ये संपलं. यामाहा डीएक्स-७ या सिंथच्या मुळाशी असलेल्या जॉन चौनिंग यांच्या एफएम संश्लेषणाचं पेटंट १९७७ चं. तेही नव्वदच्या दशकाच्या मध्यात संपलं. आज ही दोन्ही तंत्रं कुणीही वापरू शकतो आणि असंख्य सॉफ्टवेअर सिंथ ती वापरतात.

आवाजाचाही ट्रेडमार्क होतो, हे खरं आहे. एनबीसी या अमेरिकी प्रसारण कंपनीचे तीन टोल नोंदणीकृत आहेत. पण ती ऐकताक्षणी कंपनी आठवावी म्हणून मुद्दाम वाजवलेली खूण आहे. यंत्र चालताना आपोआप निघणारा आवाज या चौकटीत बसवणं फार अवघड. हार्ले-डेव्हिडसनने आपल्या मोटारसायकलच्या आवाजासाठी १९९४ मध्ये अर्ज केला होता. प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या आणि २००० मध्ये कंपनीने तो मागे घेतला.

एक फरक मात्र डोक्यात पक्का ठेवा. सर्किटचा अभ्यास करून त्याचं गणित मांडणं वेगळं आणि यंत्रातल्या रॉममधला (कायमच्या स्मृतीतला) मजकूर उचलणं वेगळं. रोलंडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचे आवाज संपूर्ण अॅनालॉग सर्किटमधून येतात. टीआर-९०९ चे हाय-हॅट आणि सिंबल मात्र रॉममध्ये साठवलेली ध्वनिमुद्रणं आहेत. दुसऱ्या प्रकारात कॉपीराइटचा प्रश्न उभा राहतो आणि तो ट्रेडमार्कच्या उत्तराने सुटत नाही.

मग ट्रेडमार्क नेमका कशाला लागू होतो?

वस्तू कुणाकडून आली हे ग्राहकाला सांगणाऱ्या खुणेला. नाव, बोधचिन्ह, कधी रंग, कधी वस्तूचं एकूण बाह्यरूप. या बाह्यरूपाच्या हक्काला ट्रेड ड्रेस म्हणतात.

पन्नास वर्षांच्या यंत्राच्या बाबतीत हा हक्क इतका महत्त्वाचा का ठरतो, ते मुदती पाहिल्या की कळतं. पेटंट अर्जापासून साधारण वीस वर्षांत संपतं. युरोपात नोंदवलेलं डिझाइन जास्तीत जास्त पंचवीस वर्षं टिकतं. ट्रेडमार्कचं दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येतं आणि वापर चालू असेपर्यंत त्याला शेवट नाही. त्यामुळे १९६७ च्या काँप्रेसरचं सर्किट आज सर्वांचं झालेलं असतं, पण त्याचं नाव अजून कुणाच्या तरी मालकीचं असतं. तुमचा प्रश्न बहुतेक वेळा इथेच येऊन थांबतो.

मूळ कंपनी कधीच बंद पडली. तिचं नाव मोकळं झालं ना?

असं गृहीत धरू नका. या क्षेत्रात मेलेली वाटणारी नावं पुन्हा उभी राहिल्याचे दाखले भरपूर आहेत. सिक्वेन्शियल हे सिंथ कंपनीचं नाव अनेक वर्षं यामाहाकडे पडून होतं. २०१५ मध्ये ते संस्थापक डेव्ह स्मिथ यांना परत मिळालं. ओबरहाइम हे नाव गिब्सनकडे होतं. २०१९ मध्ये ते टॉम ओबरहाइम यांच्याकडे आलं आणि २०२२ मध्ये ओबी-एक्स८ हा सिंथ बाजारात आला. ऱ्होड्स पियानोचं नाव १९८७ मध्ये रोलंडने घेतलं आणि पुढे ते हॅरॉल्ड ऱ्होड्स यांच्याकडे परतलं. खुद्द रॉबर्ट मूग यांना आपल्या आडनावाचा व्यापारी हक्क परत मिळेपर्यंत बिग ब्रायर या नावाने कंपनी चालवावी लागली. २००२ मध्ये तिचं नाव पुन्हा मूग म्युझिक झालं.

वापर थांबला की हक्क जातो हे तत्त्व आहेच. अमेरिकेत सलग तीन वर्षं वापर नसेल तर चिन्ह सोडून दिल्याचं प्रथमदर्शनी मानलं जातं. युरोपात पाच वर्षं वापर नसेल तर नोंदणी रद्द करण्याची मागणी करता येते. पण 'वापर नाही' हे सिद्ध करावं लागतं, आणि सुटे भाग, दुरुस्ती किंवा परवान्याखालचं एखादं सॉफ्टवेअर हासुद्धा वापर ठरू शकतो. कंपनीच्या वेबसाइटवर यंत्र दिसत नाही, एवढ्यावर विसंबू नका. ट्रेडमार्क कार्यालयांच्या नोंदवह्या फुकट पाहता येतात. युरोपीय संघ आणि अमेरिका या दोन्हीकडे ही सोय आहे. नावाचा शोध तिथे सुरू करा.

पूर्ण नाव नको, नुसता मॉडेल क्रमांक वापरला तर?

आकड्यांचं प्रकरण मजेशीर आहे. १९९१ मध्ये अमेरिकी न्यायालयाने '३८६' या आकड्यावर इंटेलचा ट्रेडमार्क मान्य केला नाही, कारण तो आकडा त्या जातीच्या चिपचं सर्वसाधारण नाव होऊन बसला होता. त्यानंतर इंटेलने पुढच्या चिपला आकडा न देता पेंटियम हे नाव दिलं.

यावरून आकडे मोकळे असतात असा निष्कर्ष काढला तर फसगत होईल. एखादा आकडा ऐकताच वादक आणि ध्वनिमुद्रक एकाच कंपनीचं नाव घेत असतील तर तो आकडा उत्तम ट्रेडमार्क असतो. १९६७ चा ११७६ काँप्रेसर आजही युनिव्हर्सल ऑडिओ विकते. बाजाराने त्यावर काढलेली वाट बघण्यासारखी आहे. वेव्ह्जचा सीएलए-७६, नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा व्हीसी ७६, आर्टुरियाचा काँप एफईटी-७६, आयके मल्टिमीडियाचा ब्लॅक ७६. चार कंपन्यांनी पूर्ण आकडा टाळून शेवटचे दोन अंक ठेवले. कळणाऱ्याला कळतं आणि नावाची नक्कलही होत नाही.

नावात थोडा फेरफार केला की झालं का?

फेरफार किती आणि कसा, यावर सगळं आहे. न्यायालय अक्षरं मोजत बसत नाही. दोन नावं दिसायला, उच्चारायला आणि अर्थाला किती जवळ आहेत आणि त्यामुळे ग्राहकाचा गोंधळ होण्याचा संभव किती, हे पाहतं. वस्तू एकाच बाजारातल्या असल्या तर थोडं साम्यही पुरतं.

प्रचलित नावांत तीन तऱ्हा दिसतात. पहिली म्हणजे ओळखीच्या नावाला बगल देणारी. टॉगू ऑडिओ लाइनचा टीएएल-यू-एनओ-एलएक्स रोलंडच्या ज्युनो सिंथची आठवण करून देतो. जीफोर्सचा ऑडिटी म्हणजे एआरपी ओडिसी. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने हॅमंड बी-३ वरून बी४ केला. वेव्ह्जने पल्टेक या इक्वलायझरवरून पुइगटेक केलं. दुसरी तऱ्हा साल किंवा जात सांगणारी. सॉफ्टट्यूबचं मॉडेल ७२ हे मिनिमूगच्या घराण्यातलं आणि मॉडेल ८४ हे १९८४ च्या ज्युनो-१०६ वर बेतलेलं. अॅपलच्या लॉजिकमध्ये तर काँप्रेसरच्या प्रकारांना स्टुडिओ एफईटी, व्हिंटेज ऑप्टो अशी सर्किटची नावंच दिली आहेत. तिसऱ्या तऱ्हेत नाव पूर्ण स्वतंत्र असतं. सायटॉमिकचा द ग्लू हा ब्रिटिश कन्सोलमधल्या (मोठ्या मिक्सरमधल्या) बस काँप्रेसरवर, म्हणजे अनेक वाद्यांचा आवाज एकत्र दाबणाऱ्या काँप्रेसरवर बेतलेला, पण नाव स्वतःचं. साउंडटॉइजच्या डीकॅपिटेटरमध्ये पाच यंत्रांच्या छटा आहेत आणि त्यांना फक्त एकेक अक्षर दिलं आहे.

काही कंपन्यांनी पहिल्या मार्गावरून मागे येऊन नावं आणखी सौम्य केली. आर्टुरियाचा मिनिमूग व्ही पुढे मिनी व्ही झाला, मूग मॉड्युलर व्हीचा मॉड्युलर व्ही, आणि ज्युपिटर-८ व्हीचा जप-८ व्ही.

माझं मत विचाराल तर तिसरी तऱ्हाच धरा. सावध राहणं हे त्याचं एक कारण. त्याहून मोठं कारण असं की पहिल्या तऱ्हेचं नाव तुमच्या कामाला जन्मभर दुय्यम ठरवतं. पाच वर्षं खपून तुम्ही डायोड ब्रिज सर्किटचं मॉडेल मूळ यंत्रापेक्षा लवचीक केलंत, तरी नाव सांगतं की ही नक्कल आहे. द ग्लू हे नाव आज स्वतःच्या बळावर उभं आहे आणि एबलटन लाइव्हमध्येही ग्लू काँप्रेसर याच नावाने बसलेलं आहे.

पडद्यावर मूळ यंत्राचा चेहरा जसाच्या तसा काढला तर?

नावाबाबत बहुतेक जण सावध असतात. पण पुढच्या पट्टीचं छायाचित्र समोर ठेवून स्क्रू, खरचटा, निळी पट्टी, मीटरच्या काट्याची सावली सगळं हुबेहूब रंगवतात आणि ते 'वातावरणापुरतं' आहे असं समजतात. कायदा तसं समजत नाही.

आधी तुमच्या बाजूचे मुद्दे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये वॉलमार्ट विरुद्ध सामारा या प्रकरणात ठरवलं की वस्तूची रचना जन्मतः कुणाची ओळख नसते. ती रचना पाहून लोक एकाच उत्पादकाला ओळखतात, हे मालकाला सिद्ध करावं लागतं. पुढच्याच वर्षी ट्रॅफिक्सच्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितलं की जे वैशिष्ट्य कामासाठी गरजेचं आहे त्यावर ट्रेड ड्रेसचा हक्क मिळत नाही, आणि ते वैशिष्ट्य संपलेल्या पेटंटमध्ये वर्णन केलेलं असेल तर ते कामाचंच आहे याचा तो भक्कम पुरावा. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये लेगोच्या विटेबाबत जवळपास हेच म्हटलं. तांत्रिक परिणामासाठी आवश्यक आकार ट्रेडमार्कने कायमचा अडवून ठेवता येत नाही. आयफोनच्या बाह्यरूपाचा अॅपलचा ट्रेड ड्रेस दावा सॅमसंगविरुद्धच्या खटल्यात २०१५ मध्ये अपिलात टिकला नाही तो याच कारणाने.

आपल्या पडद्यावर याचा अर्थ असा. इनपुट डावीकडे आणि आउटपुट उजवीकडे, मध्ये मीटर, रेशोसाठी बटणांची उभी रांग, ड्रम मशीनला सोळा पायऱ्यांची सोळा बटणं, सिंथमध्ये ऑसिलेटर मग फिल्टर मग एन्व्हलप, ही सगळी मांडणी कामातून आलेली आहे. ती घ्यायला हरकत नाही. उलट वापरणाऱ्याचा हात जिथे सवयीने जातो तिथेच नॉब असणं ही त्याची सोय आहे.

गिटारच्या जगातले निकालही उपयोगी पडतात. २००५ मध्ये गिब्सन विरुद्ध पीआरएस प्रकरणात, विकत घेताना ग्राहक फसत नाही हे गिब्सनला मान्य होतं. धुरकट बारमध्ये दुरून गिटार गिब्सनसारखी दिसते, हा युक्तिवाद अपील न्यायालयाने फेटाळला. २००९ मध्ये फेंडरला स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि प्रिसिजन बेसच्या आकारांची नोंदणी अमेरिकेत मिळाली नाही, कारण अनेक दशकं सगळेच ते आकार बनवत आले होते. युरोपात २०१९ मध्ये गिब्सनच्या फ्लाइंग व्हीची आकार-नोंदणी टिकली नाही.

आता दुसरी बाजू. रोलंडने २००५ मध्ये आपल्या बॉस गिटार पेडलच्या रूपावरून बेहरिंगर या ऑडिओ कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. पुढे तडजोड झाली आणि बेहरिंगरच्या पेडलचं रूप बदललं. मॅकीनेही नव्वदच्या दशकात मिक्सरवरून त्याच कंपनीविरुद्ध दावा केला होता आणि तोही तडजोडीने मिटला. २०२४ मध्ये क्लॉन सेंटॉर या गिटार पेडलच्या निर्मात्याने बेहरिंगरच्या सेंटॉर ओव्हरड्राइव्हवरून दावा लावला. अशी प्रकरणं सहसा निकालापर्यंत जात नाहीत. शेवटी तुम्ही बरोबर ठरलात तरी तोवरचा खर्च लहान चमूला झेपत नाही.

म्हणून कसोटी साधी ठेवा. पडद्यावरचा प्रत्येक घटक घ्या आणि विचारा, हा कामासाठी आहे की ओळखीसाठी? नॉबची जागा आणि मापनाची पट्टी कामासाठी. कंपनीच्या अक्षरांचा साचा, बोधचिन्हाची जागा, विशिष्ट रंगाची पट्टी आणि नॉबच्या विशिष्ट टोप्यांचा संच, हे सगळं एकत्र आलं की ते ओळखीसाठी. पहिलं ठेवा, दुसरं स्वतःचं करा. एकेक घटक निरुपद्रवी वाटतो. ट्रेड ड्रेसमध्ये मात्र एकूण छाप पाहिली जाते.

रंगाचाही ट्रेडमार्क असतो का?

असू शकतो. १९९५ च्या क्वालिटेक्स निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकट्या रंगालाही संरक्षण मिळू शकतं असं म्हटलं, फक्त त्या रंगाने लोक उत्पादकाला ओळखत असले पाहिजेत. काळा, राखाडी किंवा अॅल्युमिनियमचा रंग कुणाचा होणं जवळपास अशक्य. पण एखादी हिरवी पेडल किंवा विशिष्ट निळसर राखाडी पट्टी नावासोबत घेतलीत तर ती तुमच्याविरुद्धच्या यादीत जाऊन बसते.

वर्णनात मूळ यंत्राचं नाव घेता येतं का?

घेता येतं आणि माझ्या मते घ्यावंच. वापरणाऱ्याला काय मॉडेल केलं आहे हे कळायला हवं. आडवळणाने 'त्या प्रसिद्ध ब्रिटिश राखाडी पेटीचा आवाज' असं लिहिणं ना त्याच्या कामाचं, ना मूळ अभियंत्यांना मान देणारं.

अमेरिकेत १९९२ च्या न्यू किड्स ऑन द ब्लॉक प्रकरणापासून तीन अटी सांगितल्या जातात. नाव घेतल्याशिवाय ती वस्तू सहज ओळखता येत नसावी. नाव गरजेपुरतंच घ्यावं. आणि मालकाचा पाठिंबा आहे असा भास होऊ नये. म्हणजे वाक्यात साध्या अक्षरांत नाव चालेल, पण बोधचिन्ह नको, नावाचा मूळ साचा नको, आणि जाहिरातीत तुमच्या नावापेक्षा ते मोठं नको. युरोपातही दुसऱ्याच्या वस्तूचा निर्देश करण्यासाठी नाव घेण्याची मुभा आहे, व्यवहार प्रामाणिक असेल तर. २००५ च्या जिलेट निकालात त्याच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

अमेरिका आणि युरोप यांच्यात एक मोठा फरक आहे आणि दोन्हीकडे विक्री करणाऱ्याने तो पाठच करावा. अत्तरांच्या दोन खटल्यांतून तो छान दिसतो. १९६८ च्या स्मिथ विरुद्ध शनेल प्रकरणात अमेरिकी न्यायालयाने म्हटलं की पेटंट नसलेल्या सुगंधाची नक्कल करणारा ती कशाची नक्कल आहे हे जाहिरातीत सांगू शकतो, पण दावा खरा हवा. आणि तिथेच तो विक्रेता पुढे अडकला, कारण दोन्ही अत्तरं एकसारखी असल्याचा दावा खरा ठरला नाही. उलट युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये लॉरियाल विरुद्ध बेल्युर प्रकरणात, आमचं अमुक अत्तर म्हणजे त्यांचं तमुक अशी तुलनायादी देणं हा दुसऱ्याच्या नावलौकिकाचा गैरफायदा ठरवला, ग्राहक फसत नसला तरी.

तेव्हा 'अमुक यंत्राच्या १९७० च्या आवृत्तीचा अभ्यास करून बनवलं' हे माहितीचं वाक्य झालं. 'अमुक यंत्राची तंतोतंत प्रतिकृती, पैसे मात्र शंभरावा भाग' हे दुसऱ्याच्या नावावर विकणं झालं. युरोपात दुसरं वाक्य धोक्याचं, आणि 'तंतोतंत' हा शब्द तर सगळीकडेच. तुमच्या मोजमापाचे आलेख तो दावा पेलतात का, हे आधी तपासा.

'सर्व ट्रेडमार्क त्या त्या मालकांचे' ही ओळ टाकली की सुरक्षित?

ती ओळ टाकाच. लाइन ६ ने आपल्या अॅम्प मॉडेलांच्या माहितीपुस्तिकांत वर्षानुवर्षं असा सविस्तर खुलासा दिला आहे आणि मॉडेलांना ब्रिट प्लेक्सी, कॅली रेक्टिफायर अशा धाटणीची स्वतःची नावंही दिली आहेत. हे दोन्ही बरोबर केलं म्हणून ते शोभतं. नाव आणि चेहरा दोन्ही उचलून तळाशी बारीक अक्षरांत खुलासा दिला तर त्याने काहीच धुतलं जात नाही. खुलासा असेल तर खरेदीच्या पानावर, वाचता येईल असा द्या.

माझं प्लगइन फुकट आहे, शिवाय ओपन सोर्स. मग कोण कशाला विचारेल?

पैसे घेतले नाहीत म्हणून ट्रेडमार्कचा कायदा लागू होत नाही असं नाही. २००१ मध्ये प्लॅनेटरी मोशन प्रकरणात एका अमेरिकी अपील न्यायालयाने जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर हाही व्यापारातला वापर मानला. त्या खटल्यात याचा फायदा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्याच बाजूला झाला, पण तेच तत्त्व उलटही लागू पडतं.

ओपन सोर्स परवाना तुमच्या कोडबद्दल बोलतो. दुसऱ्याच्या नावाचा हक्क तुमच्याकडेच नाही, तो तुम्ही पुढे देणार कसा? अपाची २.० च्या सहाव्या कलमात तर ट्रेडमार्कचा हक्क दिलेला नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. रिपॉझिटरीचं नाव, पॅकेजचं नाव आणि चिन्हांच्या चित्रफाइली हे तिन्ही तपासा. कोणीतरी उद्या तुमचा कोड घेऊन व्यापारी वस्तू बनवेल आणि ते चित्र त्याच्यासोबत जाईल.

ते हार्डवेअर विकतात, मी सॉफ्टवेअर. बाजार वेगळे नाहीत का?

आता नाहीत. नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ध्वनी-उपकरणं आणि सॉफ्टवेअर दोन्ही नवव्या वर्गात येतात आणि वाद्यं पंधराव्या. वर्ग वेगळा असला तरी ग्राहकाचा गोंधळ होतो का हाच खरा प्रश्न असतो. रोलंड, कोर्ग, मूग, एसएसएल, युनिव्हर्सल ऑडिओ या सगळ्या कंपन्या आज आपल्याच जुन्या यंत्रांची सॉफ्टवेअर रूपं विकतात. अशा बाजारात त्या नावाचं प्लगइन पाहिलं की ते मूळ कंपनीचं असणार असंच कुणालाही वाटेल.

परवाना मागितला तर मिळतो का? त्यातून काय मिळतं?

मिळतो, विशेषतः तुमचं मॉडेल चांगलं असेल तर. एसएसएल आणि एपीआय या कन्सोल कंपन्यांच्या नावाचे वेव्ह्जचे संच, सॉफ्टट्यूबचा ट्यूब-टेक सीएल १बी काँप्रेसर ही जुनी उदाहरणं. परवान्यात नाव आणि चेहरा मिळतो. कधी मूळ आराखडे, जपून ठेवलेलं संदर्भ-यंत्र आणि ते बनवणाऱ्या अभियंत्याचे कान मिळतात. हे शेवटचं मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण एकाच मॉडेलच्या दोन जुन्या यंत्रांतही फरक असतो आणि कोणतं 'बरोबर' वाजतंय हे ठरवायला तो माणूस हवा. बदल्यात मालक प्रत्येक आवृत्तीच्या दर्जावर लक्ष ठेवतो. त्याला ते ठेवावंच लागतं, नाहीतर त्याचा स्वतःचा हक्क दुबळा होतो. करार संपल्यावर नाव आणि चित्र किती दिवसांत काढायचं आणि जुन्या ग्राहकांचं काय करायचं, हे सहीच्या आधी लिहून घ्या.

प्रीसेटची नावं, स्किन, शोधशब्द यांचं काय?

प्रीसेटला (आधीच जुळवून ठेवलेल्या आवाजाला) '८०८ सारखा किक' म्हणणं सहसा वर्णन ठरतं. संपूर्ण प्रीसेट-संचाचं शीर्षकच तसं असेल तर ते वर्णन राहत नाही. वापरणाऱ्यांनी बनवलेल्या स्किन (प्लगइनच्या पडद्याची वेगळी रूपं) तुम्ही स्वतःच्या साइटवरून वाटल्यात तर त्या तुमच्याच मानल्या जाण्याची शक्यता धरा. जाहिरातीसाठी दुसऱ्याचं नाव शोधशब्द म्हणून विकत घेणं युरोपात २०१० च्या गुगल फ्रान्स निकालानंतर चालतं, पण जाहिरात कुणाची आहे हे तिच्यातून लगेच कळायला हवं.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात. व्हीएसटी (प्लगइनचा प्रमाण साचा) आणि एएसआयओ (ध्वनि-यंत्रणेशी जोडणारा ड्रायव्हर) हे श्टाइनबर्गचे ट्रेडमार्क आहेत. त्यांचं चिन्ह कसं वापरायचं याचे नियम आहेत, ते वाचा.

प्रत्यक्षात कंपन्या कुठे हात घालतात? न्यायालयातच का?

बहुधा न्यायालयापर्यंत पोचण्याआधीच. प्रोपेलरहेडचं रिबर्थ हे या साऱ्या प्रवासातलं एक मूळ काम. नव्वदच्या दशकात त्याने रोलंडचे दोन टीबी-३०३ बेस सिंथ आणि एक टीआर-८०८ संगणकाच्या पडद्यावर आणलं, पुढे ९०९ ही आलं. मूळ टीबी-३०३ चं उत्पादन १९८४ मध्येच थांबलेलं होतं, तेव्हा रिबर्थने एका पिढीला तो आवाज पुन्हा हाती दिला. २००५ मध्ये ते बंद करून फुकट वाटलं गेलं, २०१० मध्ये आयफोन-आयपॅडवर परतलं आणि २०१७ मध्ये रोलंडने बौद्धिक संपदेवर बोट ठेवल्यावर अॅप स्टोअरमधून काढावं लागलं. निकाल नाही, सुनावणी नाही. ज्या कंपनीने त्या आवाजावर लोकांचं प्रेम परत जडवलं तिचंच काम उतरवलं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पण मालकाने कधी मनावर घ्यायचं हे मालक ठरवतो, आणि वीस वर्षं कोणी बोललं नाही ही काही परवानगी नव्हे, हा त्यातला व्यावहारिक धडा. अॅप स्टोअर, ऑनलाइन दुकानं, व्हिडिओ साइट यांच्याकडे तक्रार गेली की ते आधी वस्तू काढतात आणि मग विचारतात.

नोटीस आलीच तर?

त्याच दिवशी उत्तर पाठवू नका आणि ती समाजमाध्यमावरही टाकू नका. तारीख आणि उत्तराची मुदत नोंदवा. कोणत्या नोंदणी क्रमांकावर, कोणत्या देशात, नावावर की रूपावर दावा आहे ते पाहा आणि नोंदणी खरोखर चालू आहे का हे नोंदवहीत तपासा. मग वकील. बऱ्याच नोटिशींमागची मागणी मर्यादित असते, नाव बदला किंवा पडदा बदला इतकीच. वागणं, अल्गोरिदम, आवाज तुमचाच राहतो. जुना साठा विकून संपवण्यासाठी आणि नाव बदलण्यासाठी काही महिने मागा. सभ्यपणे मागितले तर ते बहुधा मिळतात.

नाव बदललं तर ग्राहकांचे जुने प्रोजेक्ट उघडतील का?

उघडतील, फक्त आतली ओळख बदलू नका. होस्ट सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन ज्यात चालतं ते, मुख्यतः प्लगइनला दिसणाऱ्या नावावरून शोधत नाही. व्हीएसटी २ मध्ये चार अक्षरांचा संकेत, व्हीएसटी ३ मध्ये क्लास आयडी आणि अॅपलच्या ऑडिओ युनिट साच्यामध्ये प्रकार, उपप्रकार आणि उत्पादक हे तीन संकेत असतात. ते तसेच ठेवून फक्त दिसणारं नाव, चित्रं आणि माहितीपुस्तिका बदला. प्रीसेटच्या फोल्डरचा मार्ग नावावर बेतलेला असेल तर नवीन आवृत्तीने पहिल्यांदा चालू होताना जुन्या फोल्डरमध्येही पाहिलं पाहिजे. काही होस्ट फाइलच्या नावावरूनही गडबडतात, म्हणून तीन-चार लोकप्रिय होस्टमध्ये जुने प्रोजेक्ट उघडून पाहा. चार अक्षरांच्या संकेतातच मूळ यंत्राचं नाव लपवलं असेल तर त्याची फार काळजी नको, तो ग्राहकाला दिसत नाही. पुढच्या प्लगइनपासून मात्र तिथेही स्वतःचीच अक्षरं घाला.